पंढरीचे महाद्वार

सोलापूर जिल्ह्यात भीमा नदी एके ठिकाणी चंद्रकोरीसारखी वळली आहे. म्हणून तेथे तिला चंद्रभागा असे म्हणतात. या चंद्रभागेच्या काठी पंढरपूर वसले आहे. आषाढी आणि कार्तिकी एकादशीला टाळमृदंगांच्या गजरात लाखो वारकरी येथे येतात. वाळवंटात ते एकमेकांच्या पाया पडतात. तेथे लहानथोर, गरीब-श्रीमंत असा भेद राहत नाही.

परंतु वाळवंटात न दिसणारा हा भेद एके काळी मंदिराच्या दाराशी उभा असे. महाद्वारापाशी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्या समोरच संत चोखामेळा यांची समाधी आहे. चोखोबा हे याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे. जातीने महार असल्यामुळे त्या काळच्या रूढीप्रमाणे ते अस्पृश्य मानले गेले. ज्या विठ्ठलावर त्यांनी जीव ओवाळून टाकला, त्याच्या गाभाऱ्यात त्यांना कधी जाता आले नाही. इ. स. 1338 मध्ये मंगळवेढ्याच्या कुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली, आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. संत म्हणून साऱ्या महाराष्ट्राने त्यांना मान दिला. पण त्यांची जागा दाराबाहेरच राहिली. त्यांच्यामागून सहाशे वर्षे, अस्पृश्य म्हणून दूर लोटलेल्या असंख्य भक्तांना त्या समाधीपासूनच कळसाला हात जोडून माघारी फिरावे लागले.

हे दार सर्वांना उघडावे म्हणून 1947 साली एका शिक्षकाने आपले प्राण पणाला लावले. योगायोग असा की, त्या शिक्षकाचे नावही पांडुरंगच होते. पांडुरंग सदाशिव साने हे त्यांचे पूर्ण नाव. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो.

साने गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. दापोली तालुक्यातील हे एक लहानसे गाव. घराणे खोतांचे होते. पण वडिलांच्या काळात संपत्ती ओसरली आणि घरात दारिद्र्य आले. आई यशोदाबाई यांनी त्या दारिद्र्यातही मुलांच्या मनाची श्रीमंती कमी होऊ दिली नाही. फुलझाडांवर, गाईगुरांवर आणि दीनदुबळ्यांवर प्रेम करण्याचे पहिले धडे गुरुजींना आईच्या पायाशी मिळाले. 1917 साली ही माउली निवर्तली. शिक्षणासाठी दूर असलेल्या मुलाला तिचे अखेरचे दर्शनही घडले नाही. हे दुःख त्यांच्या मनात जन्मभर राहिले.

पुढे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात असताना गुरुजींनी आईच्या आठवणी गुंफून ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले. त्यात एक प्रसंग आहे. लाकडाची मोळी घेऊन निघालेली एक वृद्ध महार स्त्री रस्त्यात बसली आहे. मोळी डोक्यावर घेण्याचे बळ तिच्या अंगी उरलेले नाही. जवळून जाणारे लोक तिला हात लावीत नाहीत. आई हे पाहते आणि श्यामला सांगते, की जा, तिला मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन स्नान कर. श्याम तसे करतो.

हा प्रसंग लक्षपूर्वक वाचला, म्हणजे त्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, आईच्या अंतःकरणातील दया. रूढीची भीती न बाळगता तिने मुलाला मदतीस धाडले. दुसरी गोष्ट म्हणजे ते स्नान. इतक्या दयाळू मातेलाही आपल्या काळाचे बंधन पुरते तोडता आले नव्हते. शिवण्याने माणूस विटाळतो, ही समजूत त्या स्नानात शिल्लक होती. आईने जेथवर वाट दाखविली, तेथून पुढची वाट मुलाला एकट्यालाच चालावयाची होती. दयेपासून समान हक्कापर्यंत जाणारी ही वाट होती. गुरुजींच्या साऱ्या आयुष्याला या वाटेने अर्थ दिला.

हालअपेष्टा सोसून, कधी अर्धपोटी राहून गुरुजींनी आपले शिक्षण पुरे केले. एम. ए. झाल्यावर 1924 साली खानदेशातील अमळनेर येथे ते शिक्षक झाले. तेथील छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. मुले शाळेत गेली, की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे नीट घालून ठेवीत, मळलेले कपडे धुऊन टाकीत. आजारी मुलाच्या उशाशी ते रात्र रात्र बसत. सेवेचे कोणतेही काम हलके नसते, हे त्यांनी मुलांना व्याख्यानातून शिकविले नाही. आपल्या हातांनी करून दाखविले. त्या काळी जी कामे करणाऱ्यांना समाज हलके समजत असे, तीच कामे त्यांचा शिक्षक आनंदाने करीत होता. मुलांच्या मनातील उच्चनीचतेचा भाव त्यामुळे आपोआप गळून पडे.

1930 साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. त्यानंतर अनेक वेळा त्यांना तुरुंगवास घडला. परंतु तुरुंगालाही त्यांनी पाठशाळा बनविले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतील निरनिराळ्या भाषा बोलणारे सत्याग्रही होते. त्यांच्या सहवासात गुरुजी तमिळ शिकले, आणि पुढे त्यांनी ‘कुरल’ हा थोर तमिळ ग्रंथ मराठीत आणला. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचने देत. ती गुरुजींनी भराभर उतरून घेतली. म्हणूनच ‘गीता-प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. तुरुंगाबाहेर आल्यावर ते शेतकऱ्यांसाठी आणि गिरणी-कामगारांसाठी झटले. गांजलेला माणूस दिसला, की त्याची बाजू घ्यावयाची, हा त्यांचा स्वभावच होता.

1946 साल उजाडले. देशाच्या स्वातंत्र्याची पहाट जवळ आली होती. सर्वत्र आनंद आणि उत्सुकता होती. पण गुरुजींच्या मनाला एक प्रश्न सतत टोचत होता. परक्यांचे राज्य गेल्यावर आपण आपल्याच बांधवांना गुलामासारखे वागविणार काय? गावच्या विहिरीवर ज्याला पाणी भरता येत नाही आणि देवाच्या दारात ज्याला पाऊल टाकता येत नाही, त्याच्या झोपडीत हे स्वातंत्र्य पोहोचणार कसे? महाराष्ट्राचे हृदय पंढरपुरात आहे. तेथील मंदिराचे दार उघडले, तर गावोगावची दारे उघडतील, असे त्यांना वाटले. त्या वर्षी त्यांनी पंढरपूरच्या मंदिरासाठी उपोषणाचा संकल्प जाहीर केला.

हा प्रश्न गुरुजींनीच पहिल्यांदा हाती घेतला, असे मात्र नव्हे. ज्यांच्यावर अन्याय होत होता, ते स्वतः कितीतरी आधी उठून उभे राहिले होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. 2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर त्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला. सत्याग्रहींनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला. पण दार उघडले नाही. बाबासाहेबांची मागणी स्पष्ट होती. त्यांना कोणाची कृपा नको होती. माणूस म्हणून जो हक्क जन्मतःच मिळालेला आहे, तो त्यांना हवा होता. वंचितांनी आपला हक्क मागितला होता. आता तो अडवून बसलेल्या समाजाने आपली चूक ओळखावयाची होती. गुरुजी त्याच समाजात जन्मले होते. म्हणून स्वतःच्याच लोकांच्या मनाचे दार ठोठावणे हे त्यांना आपले कर्तव्य वाटले.

सहकाऱ्यांच्या आग्रहावरून गुरुजींनी उपोषण काही महिने पुढे ढकलले, आणि लोकांना समजावून सांगण्यासाठी ते महाराष्ट्रभर हिंडू लागले. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक त्यांच्या साथीला होते. गावोगाव सभा भरत. तरुण मुले-मुली पोवाडे व गाणी म्हणत. मग गुरुजी बोलावयास उभे राहत. त्यांच्या बोलण्यात कोणाविषयी द्वेष नसे. ते संतांची आठवण देत आणि हात जोडून विनवणी करीत. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. अनेक गावांनी आपली मंदिरे आणि पाणवठे सर्वांना खुले केले. उपोषण सुरू होण्यापूर्वीच ते फळाला येऊ लागले होते.

परंतु पंढरपूरचे दार अजून बंदच होते. मंदिराची पूजाअर्चा वंशपरंपरेने बडवे मंडळींकडे होती. परंपरा मोडली तर धर्म बुडेल, असे त्यांच्यापैकी अनेकांना आणि गावातील सनातनी लोकांना वाटत होते. त्यांनी गुरुजींना कडवा विरोध केला. अशा वेळी तनपुरे महाराजांनी आपल्या मठाचे दार गुरुजींसाठी उघडले. त्या मठात 1 मे 1947 रोजी गुरुजींनी उपोषणास आरंभ केला. जोपर्यंत मंदिर सर्वांना खुले होत नाही, तोपर्यंत अन्न घ्यावयाचे नाही, असा त्यांचा निर्धार होता.

वैशाखाचे दिवस होते. सोलापूरच्या बाजूला या दिवसांत ऊन आग ओकीत असते. आधीच नाजूक असलेली गुरुजींची प्रकृती दिवसेंदिवस खालावू लागली. साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष त्या मठाकडे लागले.

याच वेळी गुरुजींच्या निष्ठेची आणखी एक परीक्षा झाली. ज्या गांधीजींना ते गुरुस्थानी मानीत, त्यांनाच हे उपोषण प्रथम योग्य वाटले नाही. गांधीजींनी ते सोडण्याचा सल्ला कळविला. गुरुजींपुढे मोठा पेच पडला. एकीकडे गुरूची आज्ञा, दुसरीकडे अंतःकरणाचा आवाज. गुरूविषयीचा आदर तिळभरही कमी न होऊ देता त्यांनी आपली बाजू नम्रपणे कळविली, आणि उपोषण चालूच ठेवले. मोठ्यांचा मान राखूनही आपल्या विवेकाशी प्रामाणिक राहता येते. मनाचे हे स्वातंत्र्यही माणसाचा मोलाचा हक्क आहे.

त्या वेळी मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष असलेले दादासाहेब मावळंकर पंढरपुरास आले. त्यांनी बडवे मंडळींशी शांतपणे बोलणी केली. मने हळूहळू वळू लागली. अखेर मंदिर सर्वांना खुले करण्यास बडवे मंडळींनी संमती दिली. दहाव्या दिवशी, 10 मे 1947 रोजी, गुरुजींचे उपोषण सुटले. चोखोबांच्या समाधीपाशी सहाशे वर्षे अडलेली वाट मोकळी झाली. त्याच वर्षी मुंबई राज्याने मंदिरप्रवेशाचा कायदा केला, आणि अस्पृश्य मानलेल्या कोणालाही मंदिरात जाण्यापासून अडविणे हा गुन्हा ठरला.

पंढरपुरात हे घडत असताना दिल्लीतही एक मोठे काम चालले होते. स्वतंत्र भारताची राज्यघटना तयार करण्यासाठी घटना समितीची बैठक भरली होती. गुरुजींचे उपोषण सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी, 29 एप्रिल 1947 रोजी, या समितीने अस्पृश्यता नष्ट करण्याचे कलम मूलभूत हक्कांत स्वीकारले. पुढे डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने घटनेचा मसुदा तयार केला. 26 जानेवारी 1950 रोजी घटना अमलात आली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता कायमची रद्द झाली. विहिरी, तलाव, रस्ते, दुकाने यांचा वापर करण्यास जातीच्या कारणाने कोणालाही मनाई करता येणार नाही, असे पंधरावे कलम सांगते. सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे सर्व वर्गांना खुली करणारे कायदे करण्याचा अधिकार पंचविसाव्या कलमाने सरकारला दिला.

साऱ्या जगातही त्या काळी हाच विचार बळावत होता. दुसऱ्या महायुद्धात कोट्यवधी माणसे मेली होती. वंशाच्या नावाखाली माणसांना किड्यामुंग्यांसारखे मारण्यात आले होते. ते पाहून शहाणी झालेली राष्ट्रे एकत्र आली. 10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र असून प्रतिष्ठा आणि हक्क यांच्या बाबतीत समान आहेत, हे त्याचे पहिले तत्त्व होय. ते लिहिताना आरंभी इंग्रजीत असा शब्द योजला होता, की त्याचा अर्थ केवळ पुरुष असाही होऊ शकला असता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी त्याला हरकत घेतली, आणि स्त्री-पुरुष सर्वांचा समावेश होईल असा शब्द तेथे आला. पंढरपुरात एक दार उघडले होते. जगाच्या या जाहीरनाम्यातील एका शब्दाचे दारही असेच उघडावे लागले.

आपला देश स्वतंत्र झाल्यावर 15 ऑगस्ट 1948 रोजी गुरुजींनी ‘साधना’ हे साप्ताहिक सुरू केले. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या आणि एकमेकांना जवळ करावे, हे स्वप्न ते अखेरपर्यंत पाहत होते. त्याला त्यांनी आंतरभारती असे नाव दिले होते. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पेरलेले बीज असे अंकुरले होते. 11 जून 1950 रोजी मुलांचा हा लाडका लेखक आणि गांजलेल्यांचा कैवारी जगातून निघून गेला. घटनेने दिलेले समान हक्क अमलात येऊन तेव्हा जेमतेम साडेचार महिने झाले होते.

घटनेत लिहिलेले हक्क प्रत्येकाच्या घरी पोहोचण्यास मात्र वेळ लागतो. 1955 साली अस्पृश्यता पाळणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा संसदेला करावा लागला. कायदा झाला म्हणून साऱ्या मनांतील भेद एका रात्रीत गेला नाही. आजही कोठे कोणाला जातीमुळे, गरिबीमुळे किंवा मुलगी म्हणून जन्मल्यामुळे मागे लोटले जाते. ज्याला लोटले जाते त्याने आपला हक्क निर्भयपणे मागावा, हे तर खरेच. पण ज्याला कोणी लोटीत नाही, त्याने काय करावे? गुरुजींच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर आहे. पंढरपूरच्या मंदिरात जाण्यास गुरुजींना कोणी अडविले नसते. त्यांच्या जातीला ते दार कायमच उघडे होते. तरीही ते दार दुसऱ्याला बंद आहे, हे त्यांना सहन झाले नाही. जो हक्क सर्वांना नाही, त्याला हक्क म्हणता येत नाही. ती केवळ काही लोकांची सवलत असते, हे त्यांनी ओळखले होते.

आज वारकरी पंढरपुरास येतो. महाद्वारापाशी तो चोखोबांच्या समाधीला वंदन करतो. नामदेवांच्या पायरीला हात लावून तो हात कपाळाला लावतो, आणि आत पाऊल टाकतो. तू कोणत्या जातीचा, असे त्याला आता तेथे कोणी विचारू शकत नाही. ज्याला ज्याला हा इतिहास ठाऊक आहे, त्याला त्या पायरीवर क्षणभर थांबावेसे वाटते. आत जाऊ न शकलेल्या असंख्य पिढ्या त्याला आठवतात. आणि त्यांच्यासाठी दहा दिवस उपाशी राहिलेला, पांडुरंग नावाचा तो कृश शिक्षकही त्याला आठवतो.